डीमनची मर्यादा : अनिवार्य प्रवेशनियंत्रणाच्या धोरणांचा इतिहास आणि त्यांची भाषा

संगणकाच्या सुरक्षिततेचा इतिहास हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा, हे सकृद्दर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या प्रकरणाचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे, त्यात यंत्राइतकेच, किंबहुना यंत्राहून अधिक, महत्त्व लिखित नियमांना आहे. संगणकात वापरकर्त्याच्या नजरेआड अखंड काम करीत राहणारे जे प्रोग्रॅम असतात, त्यांना 'डीमन' म्हणतात. टपाल पोचविणे, छपाईची कामे रांगेने लावणे, संकेतस्थळाची पाने मागणाऱ्यास देणे, घड्याळ जुळविणे ही त्यांची कामे. या डीमनांनी कशास हात लावावा व कशास लावू नये हे ठरविणारी जी नियमावली, तिला 'मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल पॉलिसी', म्हणजे अनिवार्य प्रवेशनियंत्रणाचे धोरण, असे नाव आहे. ही नियमावली एका कृत्रिम भाषेत लिहिली जाते. त्या भाषेला शब्दसंग्रह आहे, वाक्यरचना आहे, आणि नियमांविषयीचे नियमही आहेत.

डीमनला मर्यादेत ठेवण्याची मूलतत्त्वे १९७० ते १९८५ या पंधरा वर्षांत सिद्ध झाली होती. परंतु ती सर्वसामान्य संगणकांवर प्रत्यक्षात येण्यास आणखी वीस वर्षे लागली. या विलंबाचे एक प्रमुख कारण यंत्रणेच्या उणिवेत नसून नियम लिहिण्याच्या व वाचण्याच्या अडचणीत होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मताची मांडणी पुढे कालक्रमाने केली आहे.

१. शब्द आणि संकल्पना

'डीमन' हा शब्द संगणकाच्या परिभाषेत १९६३ च्या सुमारास आला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील 'प्रोजेक्ट मॅक' या उपक्रमात, आयबीएम ७०९४ या यंत्रावर काम करीत असताना, फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी तो वापरात आणला. (या उपक्रमाच्या नावातील 'मॅक' या अक्षरांचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.) फाइलींची प्रत आपोआप टेपवर उतरवून ठेवणारा प्रोग्रॅम हा बहुधा पहिला डीमन होता, असे कॉर्बातो यांनी पुढे नमूद केले आहे. नावाची प्रेरणा पदार्थविज्ञानातील होती. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एक काल्पनिक जीव योजिला होता. दोन कप्प्यांमधील दारापाशी बसून तो वायूचे वेगवान व मंद रेणू निवडून एकेका बाजूस सोडतो. या जीवास 'डीमन' हे नाव १८७४ मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी दिले.

मूळ ग्रीक 'दाइमोन' या शब्दास दुष्टत्वाचा अर्थ नव्हता. देव व मानव यांच्या दरम्यान वावरणारी, ज्याच्या-त्याच्या वाट्याचे ज्याला-त्याला देणारी शक्ती, असा त्याचा आशय होता. त्याचा संबंध 'वाटणे, विभागून देणे' या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडला जातो, आणि त्याच धातूशी संस्कृतातील 'दयते' हे रूप सजातीय मानले जाते. पिशाच्चवाचक अर्थ ख्रिस्ती परंपरेत नंतर दृढ झाला. ही व्युत्पत्ती प्रस्तुत विषयास उपकारक आहे. मॅक्सवेलचा डीमन स्वतः द्वारपाल होता. संगणकातील डीमनावर मात्र पुढे दुसरा द्वारपाल नेमावा लागला. तो का नेमावा लागला, हाच या इतिहासाचा पहिला प्रश्न होय.

२. उसना अधिकार

१९७० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलीच्या वापराविषयीचा निर्णय फाइलीचा मालक घेतो. वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन अनुज्ञा त्याने स्वतःस, आपल्या गटास व इतरांस द्याव्यात किंवा देऊ नयेत. यास ऐच्छिक प्रवेशनियंत्रण असे म्हणता येईल. या व्यवस्थेत प्रोग्रॅमला स्वतःची अशी ओळख नसते. ज्या व्यक्तीच्या नावे तो चालतो, त्या व्यक्तीचा सर्व अधिकार त्याच्याकडे येतो. 'रूट' या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे चालणाऱ्या प्रोग्रॅमला तर बहुतेक सर्व दारे मोकळी असतात. युनिक्सच्या परंपरेत १०२४ च्या खालील क्रमांकाच्या जाळेद्वारांवर, म्हणजे पोर्टांवर, बसण्यास रूटचा अधिकार आवश्यक असल्याने, टपालाचे व संकेतस्थळाचे डीमन आरंभी तरी रूटच्या नावेच चालू करावे लागत. काम लहान परंतु अधिकार अमर्याद, अशी ही स्थिती होती.

तिचा परिणाम कसा होतो, याचे प्रसिद्ध उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ रोजी घडले. ते कालक्रमाने पुढचे असले, तरी अडचणीचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी येथेच देणे सोयीचे आहे. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी प्रोग्रॅम त्या दिवशी इंटरनेटवर पसरला. त्याच्या प्रवेशमार्गांपैकी दोन मार्ग डीमनांमधून जात होते. पहिला 'सेंडमेल' हा टपाल-डीमन; दुसरा 'फिंगरडी', ज्याचे काम एखादा वापरकर्ता कोण आहे एवढेच सांगण्याचे होते. फिंगरडीने आलेला प्रश्न ठेवण्यासाठी ५१२ बाइटांची जागा राखली होती, परंतु प्रश्नाची लांबी तो तपासीत नसे. मॉरिसच्या प्रोग्रॅमने व्हॅक्स यंत्रांवरील फिंगरडीकडे ५३६ बाइट पाठविले. अधिकच्या बाइटांनी डीमनची पुढील दिशाच बदलली आणि तो आक्रमकासाठी 'शेल', म्हणजे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम, चालवू लागला.

येथे दोष दोन होते. लांबी न तपासणे हा प्रोग्रॅमरचा दोष. असे दोष मानवी लेखनात राहणारच. परंतु वापरकर्त्याचे नाव सांगणाऱ्या प्रोग्रॅमला शेल चालविण्याची मुभा मुळात का असावी, हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमने कधी विचारलाच नव्हता. पहिला दोष दुरुस्त करता येतो. दुसऱ्यास धोरण लागते, आणि ते धोरण डीमनच्या अथवा फाइलीच्या मालकाच्या इच्छेवर अवलंबून असून चालत नाही. 'अनिवार्य' या विशेषणाचा अर्थ हाच.

३. सिद्धान्तांचा काळ : १९७० ते १९८५

मॉरिसच्या घटनेच्या पुष्कळ अगोदर या प्रश्नाचा विचार सुरू झाला होता, परंतु तो वेगळ्या गरजेतून. अमेरिकेच्या संरक्षण खात्यास एकाच यंत्रावर गुप्त व अगुप्त माहिती ठेवावयाची होती. विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९७० मध्ये आला. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकन हवाई दलासाठी केलेल्या अभ्यासात 'रेफरन्स मॉनिटर' ही कल्पना मांडली. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी साक्षीस असणारा हा तपासनीस होय. त्याच्या तीन अटी सांगितल्या गेल्या : त्याला टाळून जाता येऊ नये, त्याच्यात कोणास ढवळाढवळ करता येऊ नये, आणि तो इतका लहान असावा की त्याची पूर्ण तपासणी करता यावी. पुढील सर्व यंत्रणा या तीन अटींवर उभ्या आहेत.

१९७३ मध्ये बटलर लॅम्पसन यांनी एका छोट्या टिपणात 'मर्यादाबंधनाचा प्रश्न' मांडला. आपण एखाद्या सेवक-प्रोग्रॅमला आपली माहिती कामापुरती दिली, तर तो ती अन्यत्र पोचविणार नाही याची हमी कशी मिळवावी? लॅम्पसन यांनी गळतीच्या ज्या वाटा मोजल्या, त्यांत उघड वाटांबरोबर अत्यंत सूक्ष्म वाटाही होत्या. सेवेबद्दल पाठविलेल्या बिलातूनही माहिती बाहेर जाऊ शकते. फाइलीस लावलेल्या वा काढलेल्या कुलपाच्या क्रमातूनही संदेश देता येतो. या गुप्त वाटा पूर्णपणे बंद करणे आजही साधलेले नाही.

त्याच वर्षी डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी मायटर या संस्थेत आपले गणिती प्रतिरूप तयार केले. त्याचे दोन मुख्य नियम असे की, खालच्या श्रेणीच्या प्रक्रियेने वरच्या श्रेणीची माहिती वाचू नये, आणि वरच्या श्रेणीच्या प्रक्रियेने खालच्या श्रेणीत लिहू नये. दुसऱ्या नियमास 'तारा-गुणधर्म' म्हणतात. योग्य नाव सुचेपर्यंत मसुद्यात जागा राखण्यासाठी घातलेले तारकाचिन्ह, नाव न सुचल्यामुळे, तसेच छापले गेले, अशी त्याची हकीकत सांगतात. परिभाषा कशी रुजते याचा हा एक मासला होय.

हे प्रतिरूप गुप्ततेच्या उतरंडीस अनुरूप होते. डीमनला मात्र ते मानवले नाही. छपाईचा डीमन सर्व श्रेणींचे कागद हाताळतो. टपालाचा डीमन वरून खाली व खालून वर पत्रे नेतो. उतरंडीच्या नियमाप्रमाणे या सेवकांना काम करणेच अशक्य होते. म्हणून त्यांना 'विश्वसनीय' असे नाव देऊन नियमातून वगळण्यात आले. अर्थात ज्यांना बांधावयाचे त्यांनाच अपवाद करावे लागले. १९८३ मध्ये प्रसिद्ध होऊन १९८५ मध्ये सुधारलेल्या, मुखपृष्ठाच्या रंगावरून 'ऑरेंज बुक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन निकषग्रंथाने ऐच्छिक व अनिवार्य हा भेद दृढ केला खरा. परंतु त्यातील 'अनिवार्य' म्हणजे प्रामुख्याने गुप्ततेची उतरंडच होती.

दरम्यान १९७५ मध्ये जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे एकत्र मांडली होती. त्यांतील किमान अधिकाराचे तत्त्व सर्वपरिचित आहे : प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामास लागेल तेवढाच अधिकार असावा. शेवटच्या तत्त्वाकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. संरक्षणाची व्यवस्था वापरणाऱ्याच्या मनास पटेल व सहज अंगवळणी पडेल अशी असावी, असे ते तत्त्व आहे. पुढील इतिहासात अडखळावे लागले ते याच ठिकाणी.

४. प्रकारांची भाषा

उतरंडीस पर्याय १९८५ मध्ये अर्ल बोबर्ट व रिचर्ड केन यांनी दिला. 'टाइप एन्फोर्समेंट' या नावाने तो ओळखला जातो. येथे वर-खाली असे काही नाही. प्रत्येक प्रक्रियेस एका क्षेत्राचे नाव द्यावयाचे, प्रत्येक वस्तूस एका प्रकाराचे नाव द्यावयाचे, आणि कोणत्या क्षेत्राने कोणत्या प्रकारावर कोणती क्रिया करावी याचा तक्ता मांडावयाचा. डीमन हा श्रेष्ठ की कनिष्ठ, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही. तो काय काम करतो, एवढाच उरतो. १९९५ मध्ये ट्रस्टेड इन्फर्मेशन सिस्टिम्स या संस्थेतील संशोधकांनी हा तक्ता युनिक्सवर वाचनीय भाषेत लिहिण्याचा प्रयोग केला. यूटा विद्यापीठाच्या 'फ्लास्क' या रचनेने, जिचा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, निर्णय देणारा भाग व निर्णय अमलात आणणारा भाग हे वेगळे केले. त्या रचनेवर आधारलेले एसई-लिनक्स अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुले केले. डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, भाग झाले.

या धोरणाचे एक वाक्य मराठीत असे मांडता येईल : 'संकेतस्थळ-डीमनच्या क्षेत्रातील प्रक्रियेस, संकेतस्थळ-मजकूर या प्रकाराच्या फाइलवर, उघडणे व वाचणे या क्रियांची अनुज्ञा आहे.' यात कर्ता आहे, कर्म आहे, कर्माची जाती आहे आणि क्रिया आहेत. हेतू, काळ वा परिस्थिती दर्शविणारे पद मात्र नाही. या भाषेच्या मूळ रचनेत निषेधाचे वाक्य नव्हते. जे सांगितले नाही ते सर्व निषिद्ध, या गृहीतावर ती उभी आहे. मॉरिसच्या प्रसंगातील फिंगरडीसाठी असे धोरण असते, तर त्यात शेल चालविण्याची अनुज्ञा लिहिण्याचे कारणच नव्हते. लांबी न तपासण्याचा दोष तसाच राहिला असता, पण त्या वाटेने शेलपर्यंत जाता आले नसते.

'नेव्हर-अलाऊ' नावाचा एक वाक्यप्रकार या भाषेत आहे. तो वरवर निषेधासारखा दिसतो, परंतु तो डीमनला उद्देशून नसतो. 'अशी अनुज्ञा धोरणात कोणी लिहू नये', असे तो धोरण लिहिणाऱ्यास सांगतो, आणि धोरणाचे यंत्ररूपात भाषांतर होतानाच त्याची तपासणी होते. नियमांवरील हा नियम आहे. पाणिनीय परंपरेतील परिभाषासूत्रांशी परिचय असलेल्या वाचकास या दोन स्तरांतील भेद ओळखणे कठीण जाणार नाही.

५. सर्वांचे व्याकरण की काहींचे?

यंत्रणा सिद्ध झाली, भाषाही सिद्ध झाली. परंतु प्रत्यक्ष नियम लिहावयास बसल्यावर अडचण उभी राहिली. २००४ च्या मे महिन्यात फेडोरा कोअर २ या वितरणात 'स्ट्रिक्ट', म्हणजे कठोर, धोरण देण्यात आले. यंत्रावरील प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर्तनाचे वर्णन करण्याची त्याची आकांक्षा होती. परंतु माणसे यंत्र कसे वापरतात याला अंत नाही. कोणी फाइली अनपेक्षित जागी ठेवतो, कोणी स्वतःचे प्रोग्रॅम लिहून चालवितो. चाचणीच्या काळात कायदेशीर कामांनाही इतके अडथळे आले की, अंतिम आवृत्तीत ही यंत्रणा आरंभी बंद ठेवूनच द्यावी लागली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या फेडोरा कोअर ३ ने निराळा मार्ग धरला. 'टार्गेटेड', म्हणजे लक्ष्यबद्ध, धोरणात मानवी वापरकर्त्यास 'अबद्ध' असे एक सैल क्षेत्र देऊन मोकळे सोडण्यात आले, आणि जाळ्यावरून येणाऱ्या परक्यांशी ज्यांचा संबंध येतो असे सुमारे डझनभर डीमन तेवढे बांधण्यात आले. संकेतस्थळाचा 'एचटीटीपीडी', नावांचे पत्ते शोधणारा 'नेम्डी', यंत्रास पत्ता देणारा 'डीएचसीपीडी', वेळ जुळविणारा 'एनटीपीडी' आणि 'स्क्विड' ही त्यांतील काही नावे. फेब्रुवारी २००५ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ४ या व्यावसायिक वितरणातही हेच धोरण आरंभापासून चालू स्थितीत आले.

या माघारीस पराभव म्हणणे योग्य होणार नाही. डीमनचे वर्तन हे मर्यादित व आवर्ती असते. तो रोज त्याच फाइली उघडतो, त्याच द्वारांवर बसतो. त्याची 'भाषा' सान्त आहे, आणि सान्त भाषेचे व्याकरण पूर्ण लिहिता येते. माणसाचे तसे नाही. म्हणून सर्वांचे व्याकरण लिहू पाहणारे धोरण बंद पडले, व सेवकांपुरते व्याकरण लिहिणारे टिकले.

येथे पद्धतीचा एक प्रश्न उद्भवतो. धोरण लिहिण्याची रूढ रीत अशी की, यंत्रणा प्रथम 'परमिसिव्ह', म्हणजे केवळ नोंद घेणाऱ्या, स्थितीत ठेवावयाची. डीमनला काम करू द्यावयाचे. जे जे नाकारले गेले असते त्याची नोंद वाचावयाची. आणि त्यावरून नियम रचावयाचे. या कामासाठी 'ऑडिट-टू-अलाऊ' नावाचे साधन आहे. ते नोंदींवरून नियम आपोआप लिहून देते. हे वर्णनात्मक व्याकरण होय. परंतु धोरण हे आदेशात्मक असावयास हवे. डीमनने जे केले ते सर्व त्याने करणे योग्यच होते, असे गृहीत धरून नियम लिहिले, तर त्याच्या चुकाच नव्हे, तर नोंदीच्या काळात घडलेले आक्रमणही धोरणात अनुज्ञेय ठरेल. भाषाशास्त्रात वर्णनास आदेशापेक्षा शास्त्रीय मानण्याची शिस्त आपण स्वीकारली आहे, आणि ती योग्यच आहे. येथे मात्र वर्णन हे केवळ साधन असून, त्यावर निर्णय मनुष्यानेच घ्यावा लागतो.

६. नाव वस्तूचे की जागेचे?

एसई-लिनक्समध्ये प्रकाराचे नाव लेबलाच्या रूपाने वस्तूस चिकटलेले असते; फाइल हलविली तरी लेबल तिच्याबरोबर जाते. दुसऱ्या परंपरेत नाव वस्तूस नसून तिच्या जागेस असते. इम्युनिक्स या संस्थेने रचलेली, २००५ मध्ये नॉव्हेलकडे गेलेली व ऑक्टोबर २०१० मध्ये कर्नेलच्या २.६.३६ या आवृत्तीत समाविष्ट झालेली 'ॲपआर्मर' ही यंत्रणा फाइलीच्या मार्गावरून निर्णय देते. तिचे नियम वाचावयास सोपे असतात, कारण मार्ग माणसास दिसतो, लेबल सहसा दिसत नाही. मात्र एकाच फाइलीस दोन मार्ग असू शकतात, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. या दोन पक्षांतील वाद अनेक वर्षे चालला, आणि आजही दोन्ही यंत्रणा वापरात आहेत.

हा वाद केवळ तात्त्विक नाही, हे प्रस्तुत लेखकास एका प्रसंगाने कळले. एका शिक्षणसंस्थेत बोलींच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा संग्रह संकेतस्थळावर ठेवावयाचा होता. एका सहकाऱ्याने आपल्या घर-फोल्डरमधील फाइली संकेतस्थळाच्या फोल्डरात हलविल्या. पाने उघडेनात. मालकीच्या सर्व अनुज्ञा सर्वांस खुल्या करून पाहिल्या, तरी नकार कायम. शेवटी बाहेरून बोलाविलेल्या तंत्रज्ञाने संपूर्ण यंत्रणाच बंद केली. पाने उघडली, आणि सर्वांनी समाधान मानले. कित्येक महिने तो संगणक, त्यावरील विद्यार्थ्यांच्या नोंदी व संशोधनसामग्री यांसह, त्याच उघड्या स्थितीत होता. पुढे नोंदवही वाचली असता उलगडा झाला. फाइली हलविल्या गेल्या, परंतु त्यांच्यावरील 'घरातील वस्तू' हे लेबल तसेच राहिले. आणि संकेतस्थळाच्या डीमनने कोणाच्या घरातील वस्तू वाचू नये, असे धोरण होते. धोरणाचे वर्तन बरोबरच होते. जागेस अनुसरून लेबल पुन्हा लावणारी 'रिस्टोरकॉन' ही एक आज्ञा दिल्यावर यंत्रणा चालू ठेवूनही पाने उघडू लागली.

तंत्रज्ञास दोष देण्यासाठी हा प्रसंग सांगितलेला नाही. नकार मिळाला, परंतु त्याचे कारण वाचता येईल अशा रूपात ते संबंधितांपर्यंत पोचले नाही. सॉल्ट्झर व श्रोडर यांचे आठवे तत्त्व येथे ढळले. जो नियम वाचता येत नाही तो पाळला जात नाही, तो रद्द केला जातो. आणि एका नियमाच्या अडचणीपायी सगळी नियमावलीच रद्द होते.

७. समारोप

हे धोरण आता दुर्मीळ यंत्रांपुरते राहिलेले नाही. २०१३ मधील अँड्रॉइड ४.३ मध्ये एसई-लिनक्स केवळ नोंद घेणाऱ्या स्थितीत आले, त्यापुढील ४.४ मध्ये काही मूलभूत डीमनांपुरते सक्तीचे झाले, आणि २०१४ मधील ५.० पासून सर्वच क्षेत्रांना लागू झाले. अवघ्याच्या ऐवजी निवडक सेवकांपासून आरंभ करण्याचा २००४ चा धडा येथे गिरविलेला दिसतो. आपल्याकडील बहुसंख्य फोन याच प्रणालीवर चालत असल्याने, या भाषेत लिहिलेली वाक्ये आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. वाचणारे मात्र अत्यल्प आहेत.

या धोरणांच्या मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. नियम अमलात आणणारा कर्नेलच सदोष असेल, तर नियम निरुपयोगी ठरतात. लॅम्पसन यांनी दाखविलेल्या सूक्ष्म वाटा धोरणाच्या वाक्यांत मावत नाहीत. आणि ज्या कामासाठी अनुज्ञा दिली आहे, त्या कामाच्या आतच डीमनने गैरवर्तन केले, तर धोरण त्यास रोखू शकत नाही. दोष टाळणे हे मर्यादाबंधनाचे उद्दिष्टच नव्हे. दोषाचा परिणाम एका खोलीपुरता राहावा, एवढेच ते साधते. फिंगरडीच्या प्रसंगावरून पाहता तेवढे साधणेही अल्प नाही.

विद्यापीठांतून संगणकाच्या सुरक्षिततेचे जे शिक्षण दिले जाते, त्यात यंत्रणांचे वर्णन पुष्कळ असते. धोरण हा एक मजकूर म्हणून वाचण्याचा अभ्यास फारसा आढळत नाही. एखाद्या डीमनचे धोरण घेऊन त्यातील प्रत्येक अनुज्ञा कोणत्या कामासाठी आहे, कोणती अनावश्यक आहे, आणि नकाराची नोंद सामान्य प्रशासकास समजेल अशा भाषेत कशी देता येईल, याचा शोध पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज घेता येण्याजोगा आहे. नियमरचना, संज्ञा व अर्थनिर्णय यांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा असलेल्या आपल्या विषयाने या कामात संगणकशास्त्राच्या शेजारी बसावे, असे सुचवून हे विवेचन पुरे करतो.